पायपेटीवरच्या होड्या

१९९४ सालच्या जूनमध्ये पेठ वडगावच्या आमच्या कॉलेजात एक लांबलचक लाकडी खोकं आलं. त्यात हवेवर चालणारा रूळ होता. म्हणजे दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, तिला वरच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं, आणि नळीत हवा भरायला विजेचा पंखा. नळीवर ॲल्युमिनियमच्या छोट्या गाड्या ठेवायच्या. भोकांतली हवा त्यांना केसभर उचलून धरते आणि मग त्या कशालाही न घासता सरकत राहतात. अंतराळात दोन वस्तू एकमेकींवर आदळून चिकटल्या तर पुढं काय होतं, हे जमिनीवर उभं राहून दाखवायचं असेल तर याच्याइतकं चांगलं साधन नाही.

मी तिथं भौतिकशास्त्र शिकवत होतो. नाव प्रसेनजीत शिंगे, मूळ गाव कुरुंदवाड, राहायला कसबा बावड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. सात वर्षं मी फळ्यावर दोन चौकोन आणि चार बाण काढून संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवला होता. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. दोन वस्तू चिकटण्याआधीचा एकूण संवेग आणि चिकटल्यानंतरचा एकूण संवेग सारखाच. पोरं लिहून घ्यायची, परीक्षेत उतरवायची. एकाही पोरानं कधी शंका विचारली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी आली नाही.

रूळ आल्याच्या तिसऱ्या दिवशी पंखा जळाला. प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी तोंड पाडून प्रयोगशाळेत बसलो होतो. आमचे शिपाई पिराजी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनी नळीला खालून-वरून न्याहाळलं.

"सर, हिला हवाच पायजे न्हवं? मग इजेची कशाला पायजे? कोल्हापुरात गंगावेशीत बसाण्णाकडं जावा. पेट्या दुरुस्त करतोय. हवेतला मानूस हाय."

शनिवारी दुपारी नळी स्कूटरला आडवी बांधून, लोकांच्या शिव्या खात मी गंगावेशीत पोचलो. एका बोळात बसवराज अम्मणगींचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. बसवराज पन्नाशीचे, कपाळाला विभूती, मांडीवर उघडी पेटी. मी नळी दाखवून काय हवं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पावणं, ह्याच्यातनं सूर न्हाय निघायचा."

"सूर नको, हवाच पाहिजे."

"नुस्ती हवा?" त्यांना ते पटेना.

तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला. "हवा किती पायजे?"

पडद्याआडून शांतादेवी बाहेर आल्या. बसवराजांच्या पत्नी. चाळिशीच्या आतबाहेर वय, बोटांना वाळलेला सरस, कानावर पेन्सिल. दुकानातले सगळे भाते त्याच करायच्या. पुठ्ठा कापणं, घड्या घालणं, कातडं चिकटवणं, हवा कुठून सुटते ते गालाला लावून बघणं, हे त्यांचं काम. सूर लावायचं काम बसवराजांचं.

"किती म्हणजे... भरपूर," मी म्हणालो.

"भरपूर म्हंजे किती? पेटीला लागती तेवढी, का लोहाराच्या भात्याएवढी?"

त्यांनी नळीचं एक टोक तळहातानं बंद केलं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकलं आणि ओलं बोट एकेका भोकावर धरलं. मग विचारलं, "एकसारखी पायजे, का झटक्याझटक्यानं चालंल?"

"एकसारखी."

"मग पायपेटी."

दुकानाच्या कोपऱ्यात एक पायपेटी पडून होती. पूर्वी नाटक कंपन्यांत असायची तसली, खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता मारायची. आतले सूर गंजून गेले होते.

"अगं, ती दुरुस्त करून विकायची हाय," बसवराज म्हणाले.

"धा वरसं झाली विकालासा न्हवं? कोण न्हेतंय?"

विषय तिथंच संपला.

शांतादेवींचं माहेर संकेश्वरजवळचं एक खेडं. शाळा कन्नड, सातवीपर्यंत. तिथल्या मास्तरांनी त्यांचं नाव 'एष्टु' ठेवलं होतं. एष्टु म्हणजे कन्नडात 'किती'. मास्तर म्हणायचे पाऊस पडला, की ही विचारायची एष्टु. विहीर खोल आहे, एष्टु. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या. हे त्यांनी मला पुढं कधीतरी हसत सांगितलं. पण पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं, की या बाईंसमोर 'भरपूर' हा शब्द चालत नाही.

पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा पायपेटीचे सूर काढून टाकले होते, तिच्या पाठीतून रबरी नळी निघून माझ्या ॲल्युमिनियमच्या नळीत गेली होती, आणि सगळा सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर ठेवला होता. त्यांची मुलगी रक्षिता खुर्चीवर बसून पायांनी भाता मारत होती. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. शांतादेवींनी एक गाडी नळीवर ठेवली आणि तिला नुसतं बोट लावलं. गाडी निघाली. ना आवाज, ना धक्का. टोकाला ताणलेल्या तारेला जाऊन आपटली आणि तशीच परत आली.

"अय्यो शिवा! तरंगती की ही," शांतादेवी म्हणाल्या. "ही गाडी न्हवं सर, होडी हाय."

तेव्हापासून आम्ही सगळे त्यांना होड्याच म्हणू लागलो.

रूळ कॉलेजात न्यायचा होता, पण पायपेटी जड, आणि वडगावात भाता फाटला तर दुरुस्त कोण करणार? म्हणून ठरलं, की रूळ दुकानातच राहील आणि मी दर शनिवारी पाच-सहा मुलांना घेऊन येईन. प्राचार्यांना खर्च वाचल्याचा आनंद. बसवराज थोडे कुरकुरले. दुकानात एवढ्यात गिऱ्हाईक कमी झालं होतं. विजेवरच्या जपानी पेट्या आल्या होत्या, आणि बसवराजांना स्वतःला वरच्या सप्तकातले सूर नीट ऐकू येईनासे झाले होते. ते कुणाला सांगत नसत. लय मात्र त्यांची पक्की होती, आणि तीच आमच्या कामाला आली.

त्याचं असं झालं. होडीचा वेग मोजायचा कसा? माझ्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर भरवसा नव्हता. शांतादेवींनी नळीवर चार-चार बोटांवर खुणा केल्या. दोन खुणांमधल्या जागेला त्या 'खण' म्हणायच्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही तीनताल धरा."

"माझी काय चेष्टा कराय लागलीस?"

"धरा तर खरं."

बसवराज टाळी देत मात्रा मोजू लागले. होडी मात्रेला बरोबर चार खण जात होती. पुढं उभ्या असलेल्या दुसऱ्या होडीच्या तोंडाला मेणाचा गोळा होता, पहिलीच्या तोंडाला सुई. सुई मेणात घुसली, दोघी एकमेकींना चिकटल्या आणि पुढं निघाल्या. मात्रेला दोन खण.

"अर्धा," मी मुलांना म्हणालो. "वस्तुमान दुप्पट झालं म्हणून वेग अर्धा. गुणाकार तोच. काहीसुद्धा हरवलं नाही."

मुलांनी लिहून घेतलं. शांतादेवी मात्र परत एकदा होडी सोडत होत्या.

वर्षभर असंच चाललं. १९९५ च्या जूनअखेर दूरदर्शनच्या बातम्यांत दाखवलं, की अमेरिकेचं यान अंतराळात जाऊन रशियाच्या स्थानकाला जोडलं गेलं. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात शिरलो तर चहाच्या आधी प्रश्न आला.

"सर, काल बघितलासा? ते दोन एकमेकाला चिकटलं. पण वर धरायला काय न्हाय, टेकायला काय न्हाय. मग धक्का बसल्यावर ते दुसरं मागं सरकलं असंल की."

"सरकलंच. दोन्ही मिळून किंचित सरकली."

"किती?"

मी सांगितलं, की दोन्हींची वजनं शंभर टनांच्या घरात, म्हणजे जवळपास सारखी. आणि दोन्ही तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटरनं पृथ्वीभोवती पळताहेत.

"आणि इतक्या जोरात आपटूनबी फुटलं न्हाय?"

"एकमेकांच्या मानानं ती अगदी हळू आली. सेकंदाला जेमतेम दोन बोटं."

मग रक्षिताला भात्यावर बसवून त्यांनी एक होडी हळू सोडली आणि तिच्यामागून दुसरी जरा जोरात. पुढची मात्रेला तीन खण, मागची पाच. मागचीनं पुढचीला गाठलं, सुई घुसली, दोघी मात्रेला चार खणांनी निघाल्या.

"म्हंजे दोघी पळत असल्या तर फरक तेवढाच धरायचा," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस हजार सोडूनच द्यायचं."

मी मान डोलावली. माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे न सांगता सुचलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी वही घातली. एका बाजूला होडीचा भार, दुसऱ्या बाजूला मात्रेला किती खण, सगळं कन्नड अंकांत. भार वाढवायला गंजलेल्या पायपेटीतल्या पितळी पट्ट्या. दुप्पट भाराच्या उभ्या होडीवर एकपट भाराची होडी मात्रेला सहानं सोडली, तर चिकटून दोननं जाणार. त्या आधी आकडा लिहायच्या आणि मग होडी सोडायच्या. आकडा जुळला की बसवराजांकडं बघायच्या. बसवराज मात्रा न सोडता म्हणायचे, "व्हय व्हय, कळलं."

मला वाटलं, बाईंना नियम समजला, आता त्यांचं कुतूहल भागलं. पण गणपतीनंतरच्या एका शनिवारी त्यांनी मला कोंडीत पकडलं.

रुळाच्या टोकाला त्यांनी बारीक तारेची एक मऊ स्प्रिंग बसवली होती आणि तिच्यामागं कागदाची चकती. होडी आपटली की स्प्रिंग दबायची, चकती मागं ढकलली जायची आणि तिथंच राहायची. स्प्रिंग किती दबली ते सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागांत, मोजता यायचं.

"बघा आता," त्या म्हणाल्या. एकटी होडी मात्रेला चारनं सोडली. चकती दहा सूत मागं गेली. मग तीच होडी, त्याच वेगानं, पण मध्ये दुसरी होडी उभी. दोघी चिकटल्या, दोननं निघाल्या, स्प्रिंगवर आपटल्या. चकती सात सूत मागं गेली.

"तुमी सांगितलासा, काय हरवत न्हाय. भार गुणिले खण, तेवढंच ऱ्हातं. मग ह्या दोघी मिळून एकीएवढं दाबायला पायजेत की. तीन सूत कुठं गेलं?"

मी म्हणालो, "वहिनी, चूक माझी. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक संवेग, तो हरवत नाही. दुसरी ऊर्जा. स्प्रिंग दाबते ती ऊर्जा. दोघी चिकटल्या तेव्हा निम्मी ऊर्जा मेणात गेली. मेण दबलं, किंचित गरम झालं, थोडा आवाज झाला."

"मेणानं खाल्ली?"

"हां, तसं म्हणा."

त्यांनी मेणाचा गोळा काढून सुईचं भोक बघितलं. काडी घालून त्याची खोली मोजली. मी निघालो तेव्हा त्या चुलीवर मेण पातळ करत होत्या.

पुढच्या शनिवारी तीन गोळे तयार होते. एक तेल घालून मऊ केलेला, एक साधा, एक राळ घालून कडक केलेला. मऊ गोळ्यात सुई खोल जायची, कडक गोळ्यात जेमतेम टोक. आणि तिन्ही वेळा चिकटलेल्या होड्या मात्रेला दोननंच निघायच्या. स्प्रिंगही तिन्ही वेळा सात सूतच दबायची.

"मेण मऊ असो, कडक असो, खाणं एकच," शांतादेवी म्हणाल्या. "कमी न्हाय, जास्त न्हाय. निम्मंच. मग मला सांगा सर, मेणाला कसं कळतंय किती खायचं ते?"

बसवराजांनी टाळी थांबवली. रक्षितानं पाय थांबवले. होड्या नळीवर टेकल्या.

मी एम.एस्सी. होतो. दोन ओळींचं गणित मांडून निम्मी ऊर्जा जाणारच, हे मी सिद्ध करू शकत होतो. संवेग टिकला पाहिजे, वेग एकच झाला पाहिजे, म्हणून ऊर्जा एवढीच उरणार. मी तसं सांगितलंही. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"ते बरोबर हाय. पण ते गणिताला कळलं. मेणाला कसं कळलं?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो आणि स्कूटर काढली. बावड्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात मेणच होतं. आठवडाभर मी पुस्तकं चाळली. सगळ्या पुस्तकांत तेच दोन ओळींचं गणित.

पुढचे दोन शनिवार मी गेलो नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, हे एक कारण. दुसरं कारण, रिकाम्या हातानं जायला लाज वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. बसवराज होते. फोनवर ते फारच मोठ्यानं बोलायचे.

"सर, ही ह्यो रूळ घेऊन येडी झालीया. चालालीया नुस्ती! दुकानात येरझाऱ्या घालालीया. तुमी या बघू."

मी संध्याकाळी गेलो. दुकानातल्या पेट्या भिंतीला सरकवून रुळाच्या बाजूनं चालायला वाट केली होती. बसवराज टाळी देत होते, रक्षिता भात्यावर होती आणि शांतादेवी पदर खोचून रुळाच्या एका टोकाला उभ्या होत्या.

"आलासा? बरं झालं. हिकडं या. माझ्या जागी उभं ऱ्हावा. आता मी होडी चारनं सोडणार. तुमी दोननं चाला. अगदी हळू, मात्रेला दोन खण. दोघींच्या बरोबर मधी नजर ठेवा."

"मधे म्हणजे?"

"ही हितं, ती तिथं. त्याच्या निम्म्यावर. तिथं एक ठिपका हाय असं समजा. त्याच्यासंगं चाला."

होडी सुटली. बसवराजांच्या टाळीवर मी पाय ओढत चालू लागलो. पहिल्यांदा मी पुढं गेलो. दुसऱ्यांदा मागं राहिलो. रक्षिता हसायला लागली. चौथ्या वेळी पाय जमले.

आणि मग मला ते दिसलं. मी चालत होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंनी दोन होड्या माझ्याकडं येत होत्या. डावीकडून एक, उजवीकडून एक, दोघींचा वेग सारखा. माझ्या नाकासमोर त्या भेटल्या, आणि माझ्यापुरत्या तिथंच थांबल्या. मी चालत राहिलो, त्या माझ्यासमोर तशाच उभ्या. मधल्या ठिपक्याला काही झालंच नव्हतं. धडकेच्या आधी तो मात्रेला दोननं चालला होता, धडकेनंतरही दोननंच. तो अडखळलासुद्धा नव्हता.

"थांबल्या न्हवं?" शांतादेवींनी विचारलं.

"थांबल्या."

"मेणाला काय कळायची गरज न्हाय, सर. त्या एकमेकीकडं येत हाईत तवर मेण खातंय. एकमेकीकडं यायचं थांबलं की खाणं संपलं. मऊ मेणाला थांबवायला जास्त जागा लागती, कडक मेणाला थोडी. पण थांबतंय तवाच. आणि ठिपक्याचं जे चालणं हाय, त्याला मेण हातच लावत न्हाय. आपली स्प्रिंग तेवढ्यानंच दबती. ते सात सूत ह्या चालण्याचं हाईत."

मी खुर्चीवर बसलो. वस्तुमानकेंद्राच्या चौकटीतून बघणं, असं त्याला पुस्तकात नाव आहे. त्यावरची पन्नास उदाहरणं मी सोडवली होती. पण त्या चौकटीत पायांनी चालत जाऊन उभं राहता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं सुचलं हे?"

"रक्षी भात्यावर दमली म्हणून मी तिच्याकडं बघत रुळाच्या कडंनं चालले होते. होड्या डोळ्याच्या कोपऱ्यात हुत्या. एकदम थांबल्यागत वाटल्या. मला वाटलं, हवा गेली. बघितलं तर चालालत्याच की. मग दोन दिवस नुस्तं चालून बघितलं."

बसवराज म्हणाले, "दोन न्हाय, चार दिवस. माझं हात दुखालेत."

१९९७ च्या डिसेंबरात राजारामपुरीतल्या एका सभागृहात जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांचं शिबिर होतं. मी संयोजकांना सांगितलं, की मला पाऊण तास द्या, पण बोलणार दुसरंच कुणीतरी आहे. पायपेटी आणि रूळ टेम्पोतून नेला. शांतादेवी इरकल नेसून आल्या. माईकसमोर पहिली दोन मिनिटं त्यांचा आवाज फुटेना. मग त्यांनी माईक बाजूला सारला, रुळाजवळ गेल्या आणि होडी सोडली. त्यानंतर त्यांना आवाजाची अडचण आली नाही.

सगळं दाखवून झाल्यावर पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले. प्राध्यापक जोतीराम भोईटे, निवृत्त, सगळ्या जिल्ह्याचे गुरू. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"बाई, चिकटल्या तर ठिपका अडखळत नाही, हे दिसलं. पण चिकटल्याच नाहीत तर? मेणाच्या जागी स्प्रिंग लावा. मग पहिली होडी जागेवर उभी राहील आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघून जाईल. तुमचा ठिपका तेव्हा काय करेल?"

मला उत्तर माहीत होतं आणि मी ते ओठांनी सांगायचा प्रयत्न करत होतो. शांतादेवींनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"हे मी करून न्हाय बघितलेलं," त्या म्हणाल्या. "बघूया की."

मेण आणि सुई काढली, रुळाच्या टोकाची स्प्रिंग तिथं बसवली. बसवराजांनी टाळी धरली. होडी सुटली. शांतादेवी मात्रेला दोन खणांनी चालू लागल्या. होड्या आपटल्या. पहिली जागच्या जागी थांबली, दुसरी चारनं निघाली. शांतादेवी चालतच राहिल्या, एकदा उजवीकडं बघितलं, एकदा डावीकडं, आणि रुळाच्या टोकाला पोचल्यावर वळल्या.

"न्हाय अडखळला. दोघी माझ्याकडं आल्या आणि जशा आल्या तशा मागं गेल्या. मी मधीच." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हंजे चिकटणं, न चिकटणं, ह्याचा ठिपक्याला पत्ताच न्हाय."

भोईटे सर व्यासपीठावर चढले. चप्पल बाजूला काढली. "सोडा," म्हणाले आणि स्वतः चालले. त्यांच्यामागं शिक्षकांची रांग लागली. पाऊण तासाचे दोन तास झाले. त्या दिवशी जेवण थंड झाल्याबद्दल संयोजक माझ्यावर चिडले होते.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत अम्मणगींच्या दुकानातून पायपेटीवरचे सहा रूळ बाहेर गेले. एक निपाणीला, एक गडहिंग्लजला, बाकीचे जवळपासच. बसवराजांचा कान हळूहळू गेला. सूर लावायचं काम रक्षितानं घेतलं. तिचा कान बापापेक्षा तयार निघाला, आणि लग्न करून ती दोन गल्ल्या पलीकडंच राहिल्यामुळं दुकान चालू राहिलं. बसवराज मात्रा धरायला मात्र शेवटपर्यंत बसायचे. त्यांना ऐकायची गरज नव्हती. २००२ मध्ये ते गेले. त्यानंतर काही महिने शांतादेवींनी रुळावरचं कापड काढलं नाही.

एक दिवस मी सहज डोकावलो तर त्या जमिनीवर कॅरमच्या दोन सोंगट्या सरकवत बसल्या होत्या.

"सर, रुळावर होड्या नाकासमोरच आपटतात. पण वर आकाशात कुठं रूळ हाय? एकमेकाच्या कडंला लागून चिकटलं तर काय हुईल?"

"पुढं जातील आणि गरगर फिरतीलही."

"किती?"

मग आम्ही टेबल करायला घेतलं. प्लायवूडची पेटी, वर बारीक भोकं, खाली हवा, आणि होड्यांऐवजी कडेला मेण लावलेल्या गोल चकत्या. नऊशे भोकं आम्ही दोघांनी पाडली. २००४ च्या पावसाळ्यात प्लायवूड फुगलं आणि सगळ्या चकत्या एकाच कोपऱ्यात पळू लागल्या. शांतादेवींनी ते टेबल स्वतः उचकटलं. दुसरं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं केलं. शिरोलीतल्या एका कारखान्यातल्या केरबा नावाच्या कारागिरानं भोकं पाडून दिली, कारण त्याला ती कशासाठी हवीत हे समजून घ्यायचं होतं.

२००५ च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, पहिल्यांदा ते नीट चाललं. भात्यावर मी होतो. माझी पन्नाशी जवळ आली होती आणि गुडघे बोलत होते. शांतादेवींनी एक चकती सोडली, ती दुसरीच्या कडेला लागली, मेण चिकटलं, आणि त्या दोघी एकमेकींभोवती सावकाश फिरत टेबलाच्या पलीकडच्या काठाकडं निघाल्या. रक्षिता आणि केरबा बघत उभे होते. चकत्या काठाला टेकून थांबल्या.

शांतादेवी चष्मा पुसत म्हणाल्या, "फिरणं मोजायचं कसं, सर?"

"एका चकतीवर खूण करायची आणि ती किती मात्रांत परत येते ते बघायचं."

"रक्षी, पेन्सिल दे." आणि त्या माझ्याकडं वळल्या. "भाता सोडू नका. परत एकदा."

रक्षितानं पेन्सिल दिली आणि टाळी धरली.